जागा रिकामी

त्या बागेत नवा माणूस कामाला लागला की कुदळीच्या आधी त्याच्या हातात तीन शब्द दिले जात. कोरी, भरली आणि रिकामी. थडगं, प्रेत असलं काही तोंडातून काढायचं नाही, जे आहे ती 'जागा'. जिथे अजून कुदळ लागलेली नाही ती जागा कोरी. जिथे माणूस निजलाय आणि त्याला भेटायला माणसं येतात ती भरली. आणि जिथे माणूस निजलाय, पण वर्षभरात त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही, ती रिकामी. बाहेरच्यांना हे उफराटं वाटेल. पण बाहेरच्यांना विचारतो कोण? वर्षअखेरीला सगळ्या बागेची एक फेरी व्हायची, रजिस्टरात जागेच्या आकड्यापुढे शब्द लिहिला जायचा, आणि ज्या जागेपुढे 'रिकामी' पडलं तिथे पुढचं वर्षभर पाणी पहिलं, खुरपणी पहिली. ज्याचं कुणी नाही त्याचं आधी, एवढाच त्यामागचा हिशेब.

बाग म्हणजे दफनभूमी. दीडशे वर्षांपूर्वी वस्तीतली जुनी जागा पुरेना, म्हणून टेकडीच्या उतारावर मुद्दाम बागेसारखी आखलेली. वळणाचे रस्ते, मधे कारंजं, दोन्ही बाजूंना सावलीची झाडं. मेलेल्यांनी निवांत पडावं आणि जिवंतांनी फिरायला यावं अशी मूळ कल्पना. माणूस मेला तरी आपली पायरी सोडत नाही. वरच्या अंगाला सेनापती, न्यायाधीश आणि जहाजांचे मालक संगमरवराखाली. खाली उतरत भिंतीपाशी आलं की दगड संपत. भिंतीकडच्या शेवटच्या ओळीत नुसत्या लाकडी पाट्या आणि त्यांवर रंगवलेला आकडा. फुकटातल्या जागा त्या. ऑफिसच्या मोठ्या वहीत त्यांची नोंदही होत नसे. घरच्यांना एक चिठ्ठी मिळे आणि फेरीच्या रजिस्टरात आकडा चढे, बस्स.

हे रजिस्टर पस्तीस वर्षं ज्याने लिहिलं, त्याला तोंडावर माळीकाका म्हणत आणि पाठीमागे निवडुंग. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कुणी सरळ विचारलं तरी उत्तर वाकडं यायचं. कामात मात्र बोट ठेवायला जागा नाही. त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या खोदकाम्याने फेरीत भेटीला आलेला म्हणून कुणाला धरायचं याचा नियम घालून दिला होता: सावलीला बसलेला धरायचा नाही, नाव वाचून पुढे गेलेला धरायचा नाही, कामावरचा माणूस तर मुळीच धरायचा नाही. त्या माणसासाठी घरातून निघून आलेला, तेवढाच धरायचा. म्हातारा गेला, नियम राहिला.

भिंतीकडच्या ओळीत चारशे बारा नंबरला माळ्याची मुलगी होती. समोरचे दोन दात पडले तेव्हा त्या फटीतून तिला शिट्टी वाजवता यायला लागली आणि तेच तिचं नाव पडलं. बापाने कौतुकाने निळी प्लास्टिकची शिट्टी आणून दिली आणि पायावर धोंडा मारून घेतला. पोरगी बागेत येऊन दिवसभर वाजवायची. एकदा मोठ्या घरचे लोक आलेले असताना वाजवली, तेव्हा त्याने शिट्टी काढून घेऊन खिशात टाकली. म्हणाला, "निजलेली माणसं उठतात इथली. परत मागायची नाही." तिने मागितली नाही. आठ दिवसांनी ताप आला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. सहा वर्षांची होती. शिट्टी अजून त्याच्या खिशातच होती. तिला खाली ठेवताना त्याने ती तिच्या मुठीत दिली. त्यानंतर त्याने त्या खिशात काही ठेवलं नाही.

बायको दोन वर्षं यायची. मग यायची थांबली. "तिथे ती मला सापडत नाही," एवढंच म्हणाली, "घरात सापडते. तिथे नुसतं गवत." माळ्याला हे समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. त्याचं म्हणणं, आई आहेस, यायला हवं. त्या वर्षीच्या फेरीत तो चारशे बारापुढे थांबला. तो स्वतः रोज तिथे उभा राहायचा, पण कामावरचा माणूस धरत नाहीत. बाकी कुणी आलेलं नव्हतं. त्याने लिहिलं: रिकामी. लिहून गप्प बसला असता तर माळीकाका कसला! रजिस्टर काखोटीला मारून घरी नेलं आणि बायकोपुढे उघडलं.

"बघ. आई असून पोरीची जागा रिकामी."

बायको भांडी पुसत होती. तिने त्या शब्दाकडे नीट पाहिलं. "तुम्ही रोज जाता ना? मग रिकामी कशी?"

"कामावरचा माणूस धरत नाहीत."

"बाप धरतात की नाही?"

त्याने रजिस्टर आपटून मिटलं. पुढची एकवीस वर्षं, दर फेरीला, त्याने चारशे बारापुढे तोच शब्द लिहिला. नियमानेच लिहिला असं तो म्हणे. पण त्या ओळीत पेन जरा जास्तच दाबलेलं असे, मागच्या पानावर उमटेपर्यंत. असल्या रागाला काय म्हणावं? स्वतःच्याच लेकरावर लिहून बायकोला टोचायचं, तेही वर्षातून एकदा, शाईने.

मग बागेत वारसा आला. तोवर तिथे वारस तेवढे माहीत होते, तेही भांडायला येत तेव्हाच. आता नवा व्यवस्थापक आला, चकचकीत बुटांचा, गोड बोलणारा. त्याने जाहीर केलं की बाग हा मोठा ऐतिहासिक ठेवा आहे आणि तिचा नकाशा होणार. एकेका जागेचा ठिपका होणार. मोठ्या माणसांच्या जागी फोन धरला की त्यांची गोष्ट कानात ऐकू येणार. चाळीस थांब्यांची वारसाफेरी होणार. वाईट काहीच नव्हतं त्यात. नकाशा व्हायलाच हवा होता, आणि पस्तीस वर्षांत कुणी केला नव्हता.

माळ्याचीही चित्रफीत काढली. कॅमेरावाला म्हणाला, "काका, एखादी भुताची गोष्ट सांगा ना."

"भुतं दिवसा येतात," माळी म्हणाला, "कॅमेरा घेऊन."

सगळे हसले. ते वाक्य त्यांनी कापलं आणि त्याचा पाणी घालतानाचा फोटो माहितीपत्रकावर छापला. खाली लिहिलं: बागेचा जिवंत वारसा. बायकोने तो कागद पाहून विचारलं, "म्हणजे तुम्हालाही आता हलवायचं नाही का?" कित्येक वर्षांत ती पहिल्यांदा काही गमतीचं बोलली होती. त्याने तोंड वाकडं केलं.

नकाशा काढायला एक तरुण बाई आली होती. तिपाईवरचं यंत्र, गळ्यात टोपी, दिवसभर उन्हात. मन लावून काम करायची. पण ती यायच्या आधीच व्यवस्थापकाने भिंतीकडच्या सगळ्या लाकडी पाट्या उपटून घेतल्या होत्या. कुजक्या दिसतात, फोटोत वाईट येतात म्हणून. माळ्याने तेव्हा आकांडतांडव केलं, पण त्याच्या आकांडतांडवाची सगळ्यांना इतकी सवय होती की कुणी मान वर केली नाही. त्यामुळे नकाशेवाली त्या ओळीत आली तेव्हा तिथे नुसती हिरवळ होती आणि तिच्या हातात फेरीचं रजिस्टर. एकतीस आकडे ओळीने, आणि प्रत्येकापुढे एकाच अक्षरात, वर्षानुवर्षं, एकच शब्द.

तिने विचारलं. हे इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे सगळ्यांनी तिला दोष द्यायचा प्रयत्न केला. माळी कारंज्यापाशी नळी जोडत होता, पाट्यांचा राग डोक्यात तसाच होता. ती रजिस्टर घेऊन त्याच्याकडे आली.

"काका, इथे जागा रिकामी लिहिलंय, म्हणजे रिकामीच ना? खात्री करून घेतेय."

माळ्याने वर न बघता उत्तर दिलं. "अक्षरओळख आहे ना? मग रिकामी म्हणजे रिकामी. अजून काय असतं?"

ती "बरं" म्हणून गेली. त्याच्या जिभेला हाड नव्हतंच कधी, पण त्या दिवशी जे बोलला ते त्याला जन्मभर पुरलं.

चार महिन्यांनी फाटकापाशी नकाशाचा मोठा फलक लागला. सोनेरी ठिपके मोठ्यांचे, करडे बाकीच्यांचे, पांढरे रिकाम्या जागांचे. लोक गर्दी करून बघत होते. माळ्याने चष्मा पुसला आणि बोट फिरवत खाली भिंतीपर्यंत आणलं. चारशे बारा पांढरा होता. शेजारचाही पांढरा. एकतीस पांढरे ठिपके ओळीने. आणि त्या सगळ्यांना मिळून एक निळी चौकट, तिच्यात लिहिलेलं: नियोजित माहिती केंद्र.

तो धावतच खाली गेला. खुंट्या ठोकून झाल्या होत्या. त्यांवर पांढरी दोरी ताणलेली, आणि दोरी बरोबर शिट्टीच्या अंगावरून गेलेली. पाया सोमवारी खणायचा होता.

व्यवस्थापकाने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग रजिस्टर उघडून त्याच्यापुढे सरकवलं.

"काका, अक्षर तुमचंच ना हे?"

"माझंच. पण रिकामी म्हणजे तसं नाही साहेब. रिकामी म्हणजे कुणी येत नाही. माणूस आहे तिथे. कोळसेवाला आहे, जहाजावरचा एक बेवारशी आहे, दोन जुळी आहेत. माझी मुलगी आहे."

"मग विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मी बागेच्या मंडळाला काय दाखवू? एखादा कागद द्या. दफनाची चिठ्ठी असेल ना घरी? एक जरी निघाली तरी मी काम थांबवतो, शब्द देतो."

चिठ्ठी होती. बायकोने ती कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, शिट्टीच्या दोन फ्रॉकांखाली. त्याने स्वतः पाहिली होती. घरी जाऊन त्याने सगळं सांगितलं, अगदी कारंज्यापाशी काय बोलला तेसुद्धा. पहिल्यांदाच स्वतःची चूक आधी आणि दुसऱ्याची नंतर सांगितली.

बायकोने शेवटपर्यंत ऐकलं. "चिठ्ठी नाही," ती म्हणाली.

"डब्यात आहे."

"होती. तुम्ही ते पुस्तक आणून माझ्यापुढे आपटलंत ना, त्याच दिवशी मी ती फाडली. म्हटलं, बापानेच लिहून दिलंय रिकामी, आता कागद कशाला जपायचा?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त कपाटाचं दार लावलं आणि भात खाली उतरवला.

दुसऱ्या दिवशी नकाशेवाली स्वतःहून ऑफिसात आली. तिने रडून घेतलेलं दिसत होतं. ती म्हणाली, एक जागा उघडून बघा, काही निघालं तर सगळी ओळ वाचेल. व्यवस्थापक म्हणाला, ठीक आहे, पण कुणाचीही कशी उघडणार? जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती लागते, तसा कायदा आहे. कुणाचे नातेवाईक आहेत?

आता यात विचारण्यासारखं काय होतं? कुणाचे नातेवाईक असते तर ती जागा रिकामी कशाला झाली असती? कोळसेवाल्याचं कुणी नव्हतं, बेवारशाचं तर नव्हतंच, जुळ्यांचे आईबाप कधीच परगावी गेले होते. एकतिसांतल्या तिसांच्या वतीने सही करायला हाताशी माणूस नव्हता. एका जागेला तेवढा बाप होता, आणि तो समोरच उभा होता.

"द्या कागद," माळी म्हणाला.

कागदावर एक रकाना होता: मृताशी नातं. पस्तीस वर्षं त्या ऑफिसात त्याने शेकडो सह्या केल्या होत्या, सगळ्या 'माळी' म्हणून. इथे त्याने 'वडील' लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की व्यवस्थापकाने पुन्हा विचारून घेतलं.

खणायला त्याने कुणाला हात लावू दिला नाही. सकाळची वेळ होती. व्यवस्थापक, मंडळाचे दोघं, नकाशेवाली आणि तो कॅमेरावाला, सगळे दोरीपलीकडे. बायको आली होती. बावीस वर्षांनी त्या गवतावर उभी होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. हातभर खणल्यावर मातीचा रंग बदलला. त्याने मूठभर उचलून दाखवली. "एकदा खणलेली माती पुन्हा मूळच्यासारखी बसत नाही. ही बघा, मिसळलेली आहे."

"काका, माती म्हणजे पुरावा नाही होत," मंडळातला एक जण हळूच म्हणाला.

मग त्याने कुदळ ठेवून खुरपं घेतलं आणि पुढे खुरपंही ठेवून बोटांनी माती काढू लागला. बराच वेळ लागला. त्याचे खांदे थांबले तेव्हा सगळ्यांना कळलं. तो उठला तेव्हा मुठीत शिट्टी होती. सगळं काही माती झालं होतं, निळा रंग तेवढा तसाच होता.

व्यवस्थापकाने मान खाली घातली. "काम थांबवा," तो म्हणाला, आणि शब्दाला जागला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

बायको पुढे आली. तिने शिट्टी हातात घेतली, भोकात गेलेली माती नखाने काढली आणि परत त्याच्या हातात दिली.

"ठेवा तिच्याजवळ. एकदा काढून घेतली होतीत तेवढं पुरे."

त्याने ठेवली. माती लोटताना तो मोठ्याने रडला. एवढ्या लोकांपुढे, कसलीही लाज न ठेवता, आणि कॅमेरा सगळं टिपत होता.

आता इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. एकतीस जागा वाचल्या. नकाशेवालीने प्रत्येक ठिपका करडा केला, माळ्याला आठवत होती तेवढी नावं घातली आणि नकाशाच्या कोपऱ्यात तिन्ही शब्दांचे अर्थ छापले. माहिती केंद्र वरच्या अंगाला, खरोखरच्या कोऱ्या जागेवर उभं राहिलं. पण ती चित्रफीत लोकांनी पाहिली. लाखांनी पाहिली म्हणे. आणि व्यवस्थापकाला वाटलं, मनापासून वाटलं, की ही गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचायला हवी. चाळीस थांब्यांच्या वारसाफेरीला एक्केचाळिसावा थांबा जोडला गेला. चारशे बाराचा ठिपका सोनेरी झाला. तिथे दगड बसला, बाक आला, फोन धरला की एक गोड आवाज सांगू लागला: तीस जणांना वाचवणारी चिमुकली. तिने कुणाला वाचवलं होतं? तिला ताप आला होता.

माळ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "करा काय ते." त्याचा कडवटपणा त्या खड्ड्यातच राहिला असावा, कारण पहिल्यासारखं भांडायला त्याला जमलंच नाही.

बायकोला मात्र त्या दिवसानंतर पुन्हा यावंसं वाटलं होतं. तिने कुणाला सांगितलं नाही. एका दुपारी घरातून एकटीच निघाली, घरच्या कुंडीतली चार फुलं घेऊन. माळी वरच्या अंगाला फांद्या छाटत होता, त्याला ती लांबून दिसली आणि कात्री हातातच राहिली. बावीस वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते खाली चालत येत होतं.

थांब्यावर शाळेची सहल होती. वाटाड्या मुलगी बोलता बोलता थांबली आणि हसून म्हणाली, "आजी, जरा बाजूला उभ्या राहता का? दगड फोटोत येत नाहीये." ती बाजूला झाली. फुलं हातातच. मग वाटाड्या मुलीने पिशवीतून निळ्या शिट्ट्या काढल्या, माहिती केंद्राने खास बनवून घेतलेल्या, आणि म्हणाली, "चला, आपण सगळ्यांनी तिच्यासाठी एकदा वाजवूया." तीस-पस्तीस पोरांनी एकदम वाजवली.

माळी खाली पोचेपर्यंत बायको फाटकाबाहेर गेली होती. फुलं बाकावर होती. तो घरी आला. तिनेच सांगितलं. "आता घरातही सापडत नाही हो. डोळे मिटले की त्या शिट्ट्याच ऐकू येतात." पुन्हा ती गेली नाही.

वर्षअखेर आली. फेरीचं रजिस्टर बंद झालं होतं, माणसं किती आली ते आता फोनच मोजतात. पण माळ्याने स्वतःच्या पैशाने एक वही आणली होती आणि तो नेहमीसारखा वरून खाली निघाला. सेनापती, न्यायाधीश, जहाजांचे मालक. भिंतीपाशी येईपर्यंत दुपार झाली. चारशे बारापुढचं गवत माणसांच्या पायांनी पार झिजलं होतं. आदल्याच दिवशी व्यवस्थापकाने कौतुकाने सांगितलं होतं, "काका, सगळ्यात जास्त लोक तुमच्याच थांब्यावर येतात."

माळ्याने नियम आठवला. सावलीला बसलेला धरायचा नाही. नाव वाचून पुढे गेलेला धरायचा नाही. कामावरचा माणूस धरायचा नाही. एक बाई घरातून निघून आली होती, तिला धरावं का याचा त्याने पुष्कळ वेळ विचार केला. पण तिला कुणी भेटू दिलं नव्हतं.

त्याने वही गुडघ्यावर टेकवली आणि आकड्यापुढे, या वेळी पेन न दाबता, लिहिलं: रिकामी. मग झारी भरायला गेला, कारण रिकामीला पाणी पहिलं.